संगणकाची साक्ष

एकाच पानावर दोन आलेख शेजारीशेजारी छापलेले आहेत, अशी कल्पना करावी. आडव्या अक्षावर विद्युत्‌दाब, उभ्या अक्षावर विद्युत्‌प्रवाह. दोन्ही रेषा आरंभी जमिनीलगत सरपटतात, मग एका ठिकाणी अंग उचलतात आणि पायरी चढून पुन्हा थोड्या सपाट होतात. पैकी एक रेषा प्रयोगशाळेत, सोन्याच्या दोन टोकांमध्ये अडकलेल्या एका रेणूतून वाहणारा प्रवाह मोजून काढलेली आहे. दुसरी, त्याच रेणूचे वर्णन संगणकाला देऊन त्याच्याकडून गणित करवून घेऊन काढलेली. आलेखाखालची ओळ झाकली, तर कोणती रेषा कोणती हे तज्ज्ञालाही पुष्कळदा सांगता येणार नाही. मग त्या खालच्या ओळीचे मोल किती? प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो एवढ्या एका ओळीचा. विषय वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा आहे. परंतु माझ्या मते तो मुळात प्रमाणशास्त्राचा, आणि त्याहूनही अधिक सचोटीचा आहे. म्हणूनच साहित्याला वाहिलेल्या या अंकात तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियांनी अनुभवले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी जाणला ते अनुमान. ओळखीच्या वस्तूशी असलेल्या साम्यावरून अनोळखी वस्तू ओळखली ते उपमान. आणि विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून कळले ते शब्द. प्रयोगशाळेतील मापन हे, उपकरणांची मध्यस्थी गृहीत धरूनही, प्रत्यक्षाच्या घरचे. संगणकाने काढलेली रेषा मात्र कोणत्या घरची? तिला सदृशीकरण, म्हणजे सिम्युलेशन, म्हणतात, तेव्हा नावावरून ती उपमानाकडे झुकते. ती गणिती नियमांवरून निघते, म्हणून अनुमानाकडे. आणि तिला जन्म देणारी आज्ञावली दुसऱ्याच कोणी लिहिलेली असते व वापरणारा ती विश्वासाने वापरतो, म्हणून शब्दाकडे. हा वर्गवारीचा पोकळ खेळ नव्हे. प्रत्येक प्रमाणाचे दोष निराळे असतात आणि ते दोष हुडकण्याच्या वाटाही निराळ्या. घर चुकले तर दोष भलतीकडेच शोधला जातो.

आधी हे गणित कशाचे, ते पाहू. शाळेत आपण सर्वांनी ओमचा नियम घोकलेला आहे. जॉर्ज ओमने १८२७ साली मांडलेल्या त्या नियमानुसार तारेची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. त्यामागचे चित्र बाजाराच्या दिवशीच्या गल्लीचे आहे: इलेक्ट्रॉन ठेचकाळत, धक्के खात पुढे सरकतात, गल्ली जितकी लांब तितका त्रास अधिक. पण तार अवघ्या काही नॅनोमीटरांची, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांइतकीच उरली, तर धक्का बसण्याआधीच इलेक्ट्रॉन पलीकडे पोचलेला असतो. तेथे तो कणासारखा न वागता लाटेसारखा वागतो आणि ओमचा नियम आपली दुकानदारी आवरतो. पुढचा कारभार पुंजयामिकीचा. (क्वांटम मेकॅनिक्सला मराठीत रुळलेला हा शब्द मला फार आवडतो, तो कानाला थोडा कठीण वाटतो खरा, पण विषयही तसाच आहे.)

या कारभाराचे मुख्य सूत्र रॉल्फ लांडाउअर यांनी १९५७ साली मांडले. जर्मनीत जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या संशोधनशाळेत काम करीत. त्यांचे म्हणणे एका वाक्यात असे, की एखाद्या सूक्ष्म वस्तूची संवाहकता म्हणजे एका टोकाने आत शिरलेली इलेक्ट्रॉनची लाट दुसऱ्या टोकाने बाहेर पडण्याची संभाव्यता होय. लाट संपूर्ण पार झाली आणि वाट एकच असली, तरी रोध शून्य होत नाही. तो सुमारे १२.९ किलोओहम भरतो, मग वस्तू सोन्याची असो वा आणखी कशाची. यावर १९८० च्या दशकात बराच वाद झाला. वाटेत काहीच अडथळा नाही, तर रोध आला कोठून? उत्तर असे निघाले, की तो वाटेत नाहीच, दारात आहे. रुंद धातूतून अरुंद वाटेत शिरताना आणि तिच्यातून बाहेर पडताना जी अडचण होते, तिचा तो रोध. १९८८ साली नेदरलँड्समध्ये आणि केंब्रिजमध्ये अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत संवाहकता ठरावीक उंचीच्या पायऱ्यांनी वाढताना दिसली. पुढे २००१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी वाटेच्या आतच वेगळे संपर्क बसवून मोजले, तेव्हा आतला रोध जवळजवळ शून्य निघाला. बेल प्रयोगशाळेचे नाव आणि २००१ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही पुढे पुन्हा येणार आहेत.

सूत्र लहान असले, तरी त्यातील संभाव्यता काढणे हे लहान काम नाही. रेणूतील प्रत्येक अणू, त्याभोवतीचे इलेक्ट्रॉन, दोन्ही बाजूंच्या धातूची अणुरचना, त्यांचा परस्परांवरील परिणाम आणि वर बाहेरून लावलेला दाब, या सर्वांचा मेळ घालावा लागतो. त्यासाठी जी गणिती युक्ती वापरतात तिला 'ग्रीनचे फलन' म्हणतात. हा जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळ पिठाची गिरणी चालवीत असे. शाळा त्याला जेमतेम वर्षभर लाभली होती. १८२८ साली त्याने आपला निबंध पन्नासएक वर्गणीदारांच्या बळावर छापला आणि त्यांतील बहुतेकांना तो कळला नसावा. वर्गणीदारांच्या बळावर निघणाऱ्या आपल्या पत्रिकेने या पूर्वजाची आठवण ठेवायला हरकत नाही. असो. ग्रीनच्या या युक्तीला इलेक्ट्रॉनघनतेच्या सिद्धांताची जोड देऊन एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक आज्ञावल्या तयार झाल्या. डेन्मार्क व स्पेनमधील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली 'ट्रान्सिएस्टा' ही त्यांपैकी एक. त्याच सुमारास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने 'नॅनोहब' हे संकेतस्थळ उघडले, त्यावर जगातला कोणताही विद्यार्थी घरबसल्या असे गणित चालवू शकतो. २०१४ साली फ्रान्स व नेदरलँड्समधील चार संशोधकांनी 'क्वांट' या मुक्त आज्ञावलीचा परिचय करून देणारा शोधनिबंध लिहिला. आज हे गणित करायला ग्रीनची प्रतिभा लागत नाही. काही ओळी लिहून एक कळ दाबली की रेषा पडद्यावर उमटते. नेमकी येथेच आपल्या प्रश्नाला सुरुवात होते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बेंझीनचे एक वलय घ्यावे, त्याच्या समोरासमोरच्या दोन टोकांना गंधकाचा एकेक अणू लावावा, आणि ती दोन गंधके सोन्याला चिकटवावीत. लांबी एका नॅनोमीटरच्याही आत. १९९७ साली येल विद्यापीठातील मार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याची बारीक तार अगदी हळूहळू वाकवून तोडली, तुटलेल्या टोकांमध्ये हा रेणू अडकवला आणि त्यातून जाणारा प्रवाह मोजला. प्रवाहाच्या पहिल्या पायरीवर रोध भरला सुमारे २२ मेगाओहम. एका रेणूतील विजेचे ते बहुधा पहिलेच मापन म्हणून गाजले. तीन वर्षांनी, २००० साली, दी व्हेन्त्रा, पँटेलिडीस आणि लँग यांनी त्याच रेणूचे मूलभूत नियमांपासून गणित केले. रेषेचा आकार प्रयोगासारखाच आला. तीच पायरी, तसाच चढ. प्रवाह मात्र शंभरपटींहून अधिक निघाला.

आता दोष कोणाचा? गणित करणाऱ्यांनी प्रयोगाकडे बोट दाखवावे आणि प्रयोग करणाऱ्यांनी गणिताकडे, हे स्वाभाविकच होते. कोणी म्हणाले, सोन्याच्या दोन तीरांना जोडणारा एकच रेणू तेथे नसून दोन तीरांवरून दोन रेणू एकमेकांकडे झुकलेले असावेत. मूळ गणितातच एक विलक्षण गोष्ट आढळली होती: रेणू आणि सोने यांच्या सांध्यावर सोन्याचा एकच अणू जास्तीचा बसवला, तर प्रवाह दहापटींहून अधिक घटतो. म्हणजे पुन्हा दाराचाच प्रश्न. दुसरीकडे, ज्या घनता-सिद्धांतावर गणित उभे होते, तो मुळात स्थिर, तळच्या अवस्थेतील पदार्थासाठी सिद्ध झालेला. वॉल्टर कोन यांना १९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यासाठी मिळाले, तो हाच सिद्धांत. वाहत्या प्रवाहासाठी तो वापरणे म्हणजे हमीपत्रात न लिहिलेल्या कामासाठी यंत्र वापरणे. भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांतील अंतर तो नेहमीच्या रूपात कमी दाखवतो, हे पुष्कळांना ठाऊक होते. अंतर कमी दिसले की प्रवाह फुगतो. पुढे २००४ साली ॲरिझोनातील ताओ यांच्या गटाने निराळ्या पद्धतीने हाच रेणू मोजला, तेव्हा संवाहकता मूळ एककाच्या ०.०११ पट, म्हणजे रोध साधारण १.२ मेगाओहम भरला. पहिल्या मापनापेक्षा जवळजवळ वीसपट अधिक सुवाहक! म्हणजे प्रत्यक्षही आपल्या जागेवरून हलले होते आणि त्याच काळात अनुमानाचीही डागडुजी चालली होती. तंटा मिटला असे म्हणवत नाही. पण दोन्ही पक्ष एकमेकांकडे सरकले, एवढे खरे.

न्यायशास्त्रात 'उपाधी' नावाची एक फार उपयुक्त कल्पना आहे. जेथे धूर तेथे अग्नी हे बरोबर. पण जेथे अग्नी तेथे धूर हे बरोबर नाही, कारण धूर येण्यासाठी इंधन ओले असावे लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी: विधानात न दिसणारी, पण ज्यावर विधानाचे खरेपण अवलंबून असते अशी अट. संगणकाच्या प्रत्येक उत्तराला अशी ओल्या इंधनाची मोळी बांधलेली असते. सांधा असा असेल तर, पातळ्यांतील अंतर इतके असेल तर, तापमानाची थरथर वगळली तर, इलेक्ट्रॉन एकमेकांना सरासरीनेच जाणवतात असे धरले तर, हे उत्तर खरे. पडद्यावर मात्र रेषा तेवढी उमटते. 'तर' कोठेच उमटत नाही. आज्ञावली खोटे बोलते असे मी म्हणत नाही. ती विचारले तेवढ्याचेच उत्तर देते. उत्तराला अटी जोडून सांगण्याची जबाबदारी ते उत्तर लोकांपुढे ठेवणाऱ्या माणसाची आहे.

आता ज्या घटनेसाठी मी वाचकांना एक नाव आणि एक साल ध्यानात ठेवायला सांगितले होते, तिच्याकडे वळू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत यान हेन्ड्रिक श्योन हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ आला आणि पाहता पाहता त्याच्या शोधांची लाट उसळली. २००१ साली त्याच्या नावाचा एक शोधनिबंध सरासरीने दर आठवड्याला तयार होत होता, असे तेव्हा म्हटले जाई. त्याच वर्षीच्या शरदात त्याने जाहीर केले, की केवळ एका रेणूइतक्या जाडीच्या थरातून ट्रान्झिस्टर तयार झाला आहे. त्या वर्षअखेरीस 'सायन्स' या साप्ताहिकाने वर्षातील सर्वांत मोठी झेप म्हणून रेणवीय परिपथांची निवड केली. जगभरच्या प्रयोगशाळांत तरुण संशोधक हे प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या मागे लागले. कोणाला ते जमेना. महिने गेले, काहींची तर उमेदीची वर्षे गेली, आणि जमत नाही याचा दोष त्यांनी आपल्याच हातांना दिला.

२००२ च्या वसंतात दोघा शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की निरनिराळ्या उपकरणांवर, निरनिराळ्या परिस्थितीत घेतलेल्या म्हणून छापलेल्या आलेखांतील बारीक थरथर तंतोतंत सारखी आहे. मापनात जी अनियमित कुरकुर येते, जिला नॉइज म्हणतात, ती दोनदा सारखी येत नाही. एखाद्याच्या दोन खोकल्यांचा आवाज बिंदूगणिक जुळावा तसे ते झाले. स्टॅनफर्डचे माल्कम बीझ्ली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सप्टेंबर २००२ मध्ये तिने अहवाल दिला: २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन सिद्ध झाले. सहलेखकांवर फसवणुकीचा ठपका आला नाही. मूळ नोंदवह्या ठेवलेल्या नव्हत्या. संगणकावरील मूळ आकडे जागा पुरत नाही म्हणून पुसले, असे त्याने सांगितले. श्योनला त्याच वेळी नोकरीवरून काढण्यात आले.

या अहवालातील एक बाब मला इतर सर्व बाबींहून अधिक विचारात टाकते. काही ठिकाणी छापलेली रेषा मोजलेली नव्हतीच. ती गणिती सूत्रावरून संगणकाने काढलेली होती. म्हणजे श्योनने जे केले, ते कृती म्हणून पाहिले तर दी व्हेन्त्रांनी केले त्याच जातीचे होते. दोघांनीही समीकरण घेतले, संगणकाला दिले, रेषा काढून घेतली. एकाने खाली लिहिले 'गणिताने काढलेली', दुसऱ्याने लिहिले 'मोजलेली'. पुण्य आणि पाप यांच्यामध्ये एका शब्दाचे अंतर. नीतिशास्त्राच्या पुस्तकात सापडू नये इतके हे उदाहरण स्वच्छ आहे.

श्योनचा बचाव ऐकण्यासारखा आहे. जे परिणाम आपण लिहिले ते आपण खरोखर पाहिले होते, असे तो म्हणत राहिला. ते अधिक पटण्याजोगे दिसावेत म्हणून रेषा नीट केली, एवढेच. आणि कालाने या बचावाला एक विचित्र रसद पुरवली. २००८ साली एका वेगळ्या संशोधकगटाने वेगळ्या रसायनाने रेणूच्या एकेरी थराचा चालणारा ट्रान्झिस्टर प्रामाणिकपणे तयार केला. २००९ साली तर रीड यांनी कोरियातील सहकाऱ्यांसह, त्याच बेंझीनच्या रेणूतील प्रवाह तिसऱ्या टोकावरच्या दाबाने कमी-अधिक करून दाखवला. म्हणजे 'असे होऊ शकते' हा मूळ दावा पुढे साधारणपणे खरा ठरला. मग बिघडले काय?

आपल्या तर्कग्रंथांत याचे उत्तर फार पूर्वी येऊन गेले आहे. डोंगरावर धुके पाहून एकाला धूर वाटला, त्यावरून त्याने तेथे आग असल्याचे सांगितले आणि योगायोगाने डोंगरापलीकडे आग होतीच. वाक्य खरे ठरले; ज्ञान मात्र झाले नाही. श्योनची गोष्ट याहून वाईट आहे, कारण त्याला धुके दिसून भ्रम झाला नव्हता. धूर त्याने स्वतः रंगवला होता. आणि रंगवलेल्या धुराचा तोटा असा, की तो पाहून बंब घेऊन धावलेल्या माणसांचा दिवस फुकट जातो. निसर्गाने पुढे होय म्हटले, म्हणून त्यांचा गेलेला दिवस परत येत नाही.

एक गोष्ट मात्र येथे नोंदवायला हवी. लबाडी पकडली गेली ती कुरकुरीमुळे. संगणकाच्या शुद्ध गणिताची रेषा नितळ असते. निसर्ग मात्र बोलताना नेहमी खाकरतो. लांडाउअर यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९९८ साली, ही कुरकुर हाच खरा संकेत आहे असे प्रतिपादन करणारे टिपण लिहिले होते. आणि त्याच्या आदल्याच वर्षी प्रवाहाच्या कुरकुरीवरून, एका विशिष्ट अवस्थेत वीज इलेक्ट्रॉनच्या तृतीयांश भाराने वाहते, हे प्रयोगाने दाखवले गेले होते. ज्याला आपण केर म्हणून झाडून टाकतो, त्यातच अस्सलपणाची खूण असते. सदृशीकरणाचा प्रामाणिकपणा याउलट त्याच्या नितळपणात आहे. त्याने खोकल्याची नक्कल केली, की समजावे, आता तो मोजणाऱ्याचे सोंग घेऊ लागला.

परंतु श्योनसारखी माणसे विरळा. ढळढळीत खोट्यावर निबंध लिहिणे सोपे असते, कारण वाचक आणि लेखक दोघेही आपण त्या पंगतीतले नाही या समाधानात असतात. मला खरी भीती वाटते ती एका अगदी सभ्य, घरगुती वृत्तीची. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले की आपण आज्ञावलीत चूक शोधतो, सांधा बदलून पाहतो, गंधक सोन्याच्या एका अणूवर बसवतो, मग तिघांच्या मधल्या खळग्यात बसवतो. उत्तर अपेक्षेशी जुळले, की शोध थांबतो. यात एकही खोटा शब्द नाही. छापलेली प्रत्येक रेषा गणिताने खरोखर दिलेली असते. पण कोठे थांबायचे ते गणिताने ठरवलेले नसते, इच्छेने ठरवलेले असते. आणि सतरा रेषांतील जी एक छापली जाते, तिच्याखाली उरलेल्या सोळांची नोंद नसते. घरातील मुलाला गुण कमी पडले तर उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेणारे आणि जास्त पडले तर देवापुढे पेढे ठेवणारे पालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोन्ही वेळा बेरीज चुकलेली असू शकते.

वात्स्यायनाने आपल्या न्यायभाष्यात आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाचे, लक्षण सांगताना दोन अटी घातल्या आहेत: त्याला ती गोष्ट स्वतः साक्षात कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असेही तो बजावतो. त्या काळात हे म्हणण्याला धैर्य लागले असेल. श्योन दुसऱ्या अटीत नापास झाला. पण आज कळ दाबून रेषा काढणारे हजारो सज्जन पहिल्या अटीत उत्तीर्ण होतील काय? आज्ञावलीच्या पोटात काय गृहीत धरले आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो तिचे उत्तर सांगताना खोटे बोलत नाही. तरीही तो आप्त नव्हे. तो निरोप्या आहे. अनाप्त होण्यासाठी लबाड असावेच लागते असे नाही, ही गोष्ट आपण नीतिविचारात फार कमी वेळा बोलतो.

आमच्या इंदुरातील एका स्नेह्याची मुलगी याच विषयात संशोधन करते. आलेख दाखवीत होती, तेव्हा मी सहज विचारले, की हा आकडा येथे कोठून आला? ती म्हणाली, "काका, तो आधीपासूनच भरलेला असतो. सगळे तोच ठेवतात." उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच ते मनात राहिले. 'सगळे तोच ठेवतात' हे वाक्य आपल्याला अपरिचित नाही. परमुलखात चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांत कुळाचार असेच चालत आले आहेत. नवरात्रातला एखादा विधी का, ते आजीला ठाऊक नसे, तिच्या सासूला ठाऊक होते असे ती सांगे. कुळाचारात यामुळे फारसे बिघडत नाही. उलट एक प्रकारची ऊब मिळते. गणितात मात्र ती ऊब महाग पडते. त्या मुलीने पुढे तो आकडा बदलून पाहिला आणि प्रवाह किती बदलतो त्याचे एक कोष्टक आपल्या प्रबंधात जोडले. कोष्टक पाहून प्रबंध अधिक विस्कळीत दिसतो, असे तिच्या मार्गदर्शकांचे मत पडले म्हणे. मला विचाराल तर त्या प्रबंधातले तेच एक पान मी पहिल्यांदा वाचेन.

आज्ञावली मुक्त केली, तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचू दिली, की हा प्रश्न सुटला असे काहींना वाटते. 'क्वांट' किंवा 'ट्रान्सिएस्टा' यांची संहिता उघडी आहे ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. पोथी सोवळ्यात बांधून ठेवण्यापेक्षा ती चौरंगावर उघडी असलेली बरी. पण उघडी पोथी कोणी वाचलीच नाही, तर तिच्या उघडेपणाचा उपयोग केवळ वाऱ्याला. या बाबतीत पर्ड्यू विद्यापीठातील सुप्रियो दत्त यांचा मार्ग मला अधिक पटतो. खरगपूरच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले हे प्राध्यापक याच विषयातले आजचे मोठे आचार्य. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी मोठी तयार आज्ञावली न देता लहान लहान संहिता दिल्या आहेत. विद्यार्थ्याने त्या स्वतः संगणकात भरायच्या, एकाच पातळीच्या खेळण्यातल्या रेणूपासून सुरुवात करायची आणि हळूहळू खऱ्या रेणूकडे जायचे. अशा वाटेने गेलेल्या माणसाला मोठ्या आज्ञावलीची प्रत्येक ओळ पाठ नसेल. पण ओले इंधन कोठे ठेवलेले असते हे त्याला ठाऊक असते. वात्स्यायनाची पहिली अट एवढ्याने पुरी होते असे नाही, परंतु निरोप्या आणि साक्षीदार यांतील अंतर बरेच कमी होते.

संगणकाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याला तीच सामग्री दिली की तो तेच उत्तर देतो, आज, उद्या, इंदुरात किंवा डब्लिनमध्ये. त्यामुळे त्याची उलटतपासणी शक्य असते, जी श्योनच्या हरवलेल्या नमुन्यांची आणि पुसलेल्या आकड्यांची कधीच होऊ शकली नाही. सदृशीकरणाची साक्ष कमी दर्जाची आहे असे यातून कोणी समजू नये. ती परत परत बोलावता येणाऱ्या साक्षीदाराची साक्ष आहे. प्रश्न विचारणारा तेवढा हजर असावा लागतो.

राहता राहिला तो बेंझीनचा रेणू. ताओ यांच्या पद्धतीत सोन्याची सुई रेणूंच्या द्रावणात सोन्याच्या पृष्ठभागावर टेकवून हजारो वेळा उचलतात. प्रत्येक वेळी सांधा तुटतो, प्रत्येक वेळी प्रवाह निराळा. मग किती वेळा किती संवाहकता आली याचा स्तंभालेख काढतात. त्यात एक टेकडी उभी राहते, आणि ०.०११ हा आकडा त्या टेकडीच्या माथ्याचा आहे. तिचा पायथा दोन्ही बाजूंना पुष्कळ पसरलेला असतो. संगणकाने दिलेली रेषा अणूंच्या एकाच मांडणीची. हजारो मांडण्यांपैकी ती कोणती निवडली, आणि तीच का, हे आलेखाखालच्या ओळीत बहुधा लिहिलेले नसते.